ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती कशी ओळखायची: नाव, आकडा आणि त्यामागची पद्धत

काही वर्षांपूर्वी मला एका स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम, टाकायचा होता. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘मॅक १०.८ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.’ माझ्या संगणकावर १०.१० होतं. शाळेतल्या गणिताप्रमाणे १०.१० म्हणजे १०.१, म्हणजे १०.८ पेक्षा लहान. आपली सिस्टीम जुनी आहे असं समजून ती नवी कशी करायची हे शोधण्यात मी दोन दिवस घालवले. खरं तर माझी आवृत्ती दोन पावलं पुढची होती आणि तो ड्रायव्हर पहिल्याच दिवशी चालला असता.

नंतर माझ्यावर इतरांचे संगणक लावून द्यायचं काम आलं आणि लक्षात आलं की याच ठिकाणी जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अडखळतो. चूक त्याची नसते. ही नावं आणि हे आकडे वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी ठरवलेले आहेत. ती कारणं कळली की आकडा वाचणं सोपं होतं. म्हणून हा लेख.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- तुमचा संगणक किंवा फोन, चालू स्थितीत
- जो प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर टाकायचा आहे, त्याच्या माहितीतली ‘कोणती सिस्टीम लागते’ ही ओळ, जशीच्या तशी उतरवून
- एक वही किंवा कोरी फाइल
- अपडेटही करायचं असेल तर तुमच्या फाइलींचा बॅकअप आणि ॲडमिनचा पासवर्ड

नुसती आवृत्ती बघायला पासवर्ड लागत नाही. ‘आवृत्ती तपासून देतो’ म्हणत कोणी पासवर्ड मागितला तर देऊ नका.

पायरी १: तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या

पहिली गोष्ट नाव, दुसरी आवृत्तीचा आकडा, तिसरी बिल्ड क्रमांक. बिल्ड म्हणजे मूळ कोडपासून तयार केलेली ती नेमकी प्रत. बहुतेक गोंधळ या तिन्ही गोष्टी एकच समजल्यामुळे होतो.

विंडोजवर: विंडोजचं बटण दाबून ठेवून आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर दाबा. नाव, आवृत्ती आणि बिल्ड तिन्ही एका ठिकाणी दिसतात.

मॅकवर: वर डाव्या कोपऱ्यातलं सफरचंद, मग ‘अबाउट धिस मॅक’. नाव आणि आकडा लगेच दिसतो. त्या आकड्यावर क्लिक केलं की बिल्डही दिसतो. हे पुष्कळ जुन्या वापरकर्त्यांनाही ठाऊक नसतं.

लिनक्सवर: सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर बघा. टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, सवय असेल तर ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज नावाची फाइल उघडून वाचा. पुष्कळ जण इथे ‘युनेम’ कमांड चालवतात आणि आलेला आकडा आपल्या लिनक्सचा म्हणून सांगतात. तो आकडा फक्त कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, असतो. उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार; उबुंटू २४.०४ चा कर्नल ६.८ असू शकतो. यातला एकच आकडा मिळाला तर मदत करणाऱ्याला दुसऱ्याचा अंदाज बांधावा लागतो.

अँड्रॉइड फोनवर: सेटिंग्ज, मग ‘अबाउट फोन’. इथे अँड्रॉइडची आवृत्ती, फोन कंपनीच्या स्वतःच्या आवरणाची (अँड्रॉइडवर तिने चढवलेल्या रूपाची) आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख अशा तीन वेगळ्या नोंदी असतात. तिन्ही लिहा. बिल्ड क्रमांकावर मात्र पुन्हापुन्हा बोट मारू नका. सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात आणि नवख्या माणसाला त्यांचा काही उपयोग नसतो.

पायरी २: टिंबाला दशांश चिन्ह समजू नका

मी नेमकी इथेच अडकले होते. आवृत्तीच्या आकड्यातलं टिंब हे नुसतं कप्पे पाडतं. १०.१० हे ‘दहा, मग दहा’ असं वाचायचं. तुलना डावीकडून कप्प्याकप्प्याने करायची: पहिला कप्पा सारखा असेल तर दुसरा बघायचा. ९ पेक्षा १० मोठा, म्हणून १०.९ नंतर १०.१०. मॅकवर हेच झालं. २०१३ ची मॅव्हरिक्स १०.९ होती आणि २०१४ ची योसेमिटी १०.१०. ही मालिका पुढे कॅटालिनापर्यंत, म्हणजे १०.१५ पर्यंत गेली.

सर्वसाधारण रूढी अशी, की पहिला कप्पा मोठ्या बदलाचा, दुसरा छोट्या भरीचा आणि तिसरा दुरुस्त्यांचा. पण ही रूढी आहे, नियम नव्हे. ओपनबीएसडी ही युनिक्स घराण्यातली सिस्टीम दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि आकडा दर वेळी एक दशांशाने वाढवते. ५.९ नंतर ६.०, ६.९ नंतर ७.०. तिथे ६.० ला ५.९ पेक्षा काही वेगळं वजन नाही. टिंबाला दशांश मानून चालतं अशा थोड्या सिस्टीमपैकी ही एक.

सापळा: स्प्रेडशीटमध्ये आवृत्त्यांची यादी करताना तो रकाना आधी ‘मजकूर’ प्रकारचा करा. नाहीतर १०.१० चं १०.१ होऊन बसतं आणि पुढची सगळी यादी चुकते. टर्मिनलमध्ये क्रम लावायचा असेल तर सॉर्ट कमांडला मोठ्या व्ही चा पर्याय द्या. तो कप्प्यांप्रमाणे क्रम लावतो.

पायरी ३: तुमच्या सिस्टीमच्या घराण्याची रीत ओळखा

विंडोज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण विंडोजला बाहेरचं नाव आणि आतला आकडा असे दोन धागे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

सुरुवातीला साधे आकडे होते. १९८५ मध्ये १.०, १९९२ मध्ये ३.१. १९९३ मध्ये एनटी ही नव्याने लिहिलेली सिस्टीम आली. ती तिची पहिलीच आवृत्ती होती, तरी तिला ३.१ हा आकडा मिळाला, कारण तेव्हाचं चालू विंडोज ३.१ होतं. मग वर्षांची नावं आली: ९५, ९८, २०००. मग अक्षरं आणि शब्द: एक्सपी, व्हिस्टा. आणि पुन्हा आकडे: ७, ८, १०, ११.

आतला धागा याहून वेगळा चालतो. विंडोज २००० आतून ५.०, एक्सपी ५.१, व्हिस्टा ६.०. आता लक्ष द्या: विंडोज ७ आतून ६.१ आहे, ७.० नाही. विंडोज ८ हे ६.२ आणि ८.१ हे ६.३. विंडोज १० ला आकडा एकदम १०.० झाला आणि विंडोज ११ आतून आजही १०.० च आहे. १० आणि ११ मधला फरक बिल्डवरून कळतो: घरगुती विंडोजमध्ये २२००० आणि त्यापुढचे बिल्ड ११ चे.

याचा प्रत्यक्ष त्रास होतो. मी ज्या ठिकाणी संगणकांची यादी करत होते, तिथल्या यादीत सगळ्यांपुढे ‘१०.०’ आलं होतं आणि त्यावरून अर्ध्या संगणकांवर विनाकारण पुन्हा काम काढलं जाणार होतं. बिल्डचा रकाना जोडल्यावर चित्र स्पष्ट झालं.

याशिवाय १० आणि ११ ला वर्षाच्या अपडेटचं वेगळं लेबल असतं. आधी ते वर्ष आणि महिना असं होतं: १७०९ म्हणजे २०१७ चा सप्टेंबर, १८०३ म्हणजे २०१८ चा मार्च. पुढे ‘२०एच२’ अशी पद्धत आली, म्हणजे २०२० चा दुसरा अर्धा भाग. मधल्या काळात ‘२००४’ नावाची आवृत्ती आली. ती २०२० ची, एप्रिलच्या नावाची. तिच्याकडे बघून ‘हे २००४ सालचं जुनं विंडोज आहे’ असं म्हणणारे मला भेटले आहेत.

मॅक

मॅकवर नाव आणि आकडा दोन्ही ठळकपणे वापरतात. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आलं. त्यातलं एक्स हे रोमन दहा. आधी मार्जारकुळातली नावं होती: चीता, प्यूमा, जॅग्वार, पँथर, टायगर, लेपर्ड. माउंटन लायननंतर २०१३ पासून कॅलिफोर्नियातल्या ठिकाणांची नावं सुरू झाली. २०२० मध्ये बिग सर आली आणि पहिला कप्पा तब्बल एकोणीस वर्षांनी हलला: ११. मग दरवर्षी एक: माँटेरे १२, व्हेंचुरा १३, सोनोमा १४, सिकोया १५. आणि २०२५ मध्ये टाहो थेट २६.

१५ नंतर २६ बघून मधल्या दहा आवृत्त्या शोधू नका, त्या नाहीतच. ॲपलने फोन, घड्याळ, संगणक या सगळ्यांचा आकडा एकसारखा केला आणि तो पुढच्या वर्षावरून घेतला. आयफोनही त्याच वेळी १८ वरून २६ वर गेला.

उबुंटू, डेबियन आणि मंडळी

उबुंटूची पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण आकडाच तारीख सांगतो. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. पहिली ४.१० म्हणजे २००४ चा ऑक्टोबर. एरवी आवृत्त्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतात. ६.०६ एकटीच वेगळी दिसते, कारण ती दोन महिने लांबली आणि आकडाही प्रामाणिकपणे बदलला. नाव विशेषण आणि प्राणी असं, दोन्हींचं पहिलं अक्षर सारखं, आणि तेव्हापासून वर्णक्रमाने: डॅपर ड्रेक, एजी एफ्ट असं करत २०१७ मध्ये झेस्टी झापसनंतर पुन्हा आर्टफुल आर्डव्हार्क. म्हणजे दोन नावांतली नवी कोणती हे अक्षरावरूनही कळतं, एक फेरी पूर्ण झाली आहे एवढं ध्यानात ठेवलं तर.

डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये नाव आधी ठरतं. ही नावं ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची आहेत, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाचे प्रमुख असलेले ब्रूस पेरेन्स तो चित्रपट बनवणाऱ्या पिक्सार कंपनीत काम करत होते. १२ म्हणजे बुकवर्म, १३ म्हणजे ट्रिक्सी. कायम बदलत राहणाऱ्या शाखेचं नाव सिड, म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. ते नाव हीच एक सूचना आहे, नवख्याने तिकडे जाऊ नये. डेबियनला १.० नाही. एका सीडी विक्रेत्याने अर्धवट प्रत १.० म्हणून विकली, म्हणून खऱ्या आवृत्तीला १९९६ मध्ये १.१ म्हणावं लागलं.

लिनक्स मिंट उबुंटूवर उभं आहे, पण त्याची नावं स्वतःची: मिंट २२ म्हणजे विल्मा, आणि तिच्या पोटात उबुंटू २४.०४, म्हणजे नोबल. हे पुढच्या पायरीत लागेल.

अँड्रॉइड

कपकेक, डोनट, एक्लेअर अशी गोड पदार्थांची नावं २००९ पासून वर्णक्रमाने चालली. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून गुगलने लोकांसाठी नुसता आकडा ठेवला, कारण ती नावं जगभर सगळ्यांना कळत नव्हती. आत काम करणारे मात्र नावं अजून वापरतात. ॲप बनवणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा असतो, एपीआय पातळी: अँड्रॉइड १४ ची ३४, १५ ची ३५. आणि फोन कंपनीचं आवरण स्वतःचा आकडा चालवतं. सॅमसंगचं वन यूआय ७ म्हणजे अँड्रॉइड १५. ‘माझ्याकडे सात आहे’ असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, कशाचं सात.

पायरी ४: नाव कुठे लिहायचं आणि आकडा कुठे, हे बघा

माणसांशी बोलताना दोन्ही चालतात. लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारांच्या, म्हणजे प्रोग्रॅम जिथून उतरवले जातात त्या ठिकाणांच्या, यादीत मात्र बहुतेक वेळा नावच लागतं, तेही लहान अक्षरात आणि फक्त पहिला शब्द: नोबल, बुकवर्म.

इथे दोन सापळे आहेत आणि दोन्ही महाग पडतात.

पहिला मिंटचा. बाहेरच्या प्रोग्रॅमच्या सूचनांत ‘तुमच्या आवृत्तीचं नाव इथे टाका’ असं असतं. मिंटवाला विल्मा टाकतो आणि भांडार सापडत नाही असा संदेश येतो, कारण ते भांडार उबुंटूसाठी आहे. अशा वेळी ओएस-रिलीज फाइलमधली उबुंटूच्या सांकेतिक नावाची वेगळी ओळ बघा आणि तिथलं नाव वापरा.

दुसरा डेबियनचा. भांडाराच्या यादीत बुकवर्मऐवजी ‘स्टेबल’ हा शब्दही चालतो. पण स्टेबल हे फिरतं नाव आहे, जी आवृत्ती आज स्थिर असेल तिच्याकडे ते बोट दाखवतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रिक्सी आली त्या दिवशी ज्यांच्या यादीत स्टेबल होतं, त्यांचं नेहमीचं अपडेट एका आवृत्तीवरून दुसरीवर उडी मारायला निघालं. तुम्हाला उडी ठरवून मारायची असेल तर नावच लिहा.

पायरी ५: जुन्या प्रोग्रॅमने दाखवलेल्या आकड्यावर विसंबू नका

हा भाग कळला तेव्हा मला बाकीची पुष्कळ कोडी सुटली. सिस्टीम जुन्या प्रोग्रॅमला मुद्दाम जुना आकडा सांगते.

प्रोग्रॅम लिहिणारे ‘आवृत्ती अमुक असेल तरच चालू हो’ अशी अट घालतात आणि पुष्कळ वेळा ती अट चुकीची लिहितात. मग नवी सिस्टीम आली की चांगला चालणारा प्रोग्रॅमही चालायला नकार देतो. सिस्टीम बनवणाऱ्यांनी त्यावर एकच उपाय परत परत केला. विंडोज ९५ खरं म्हणजे ४.०, पण जुन्या प्रोग्रॅमना ते स्वतःला ३.९५ म्हणवत असे. विंडोज ७ ला आतून ६.१ ठेवण्यामागेही हेच: पहिला कप्पा ६ वरून ७ झाला असता तर व्हिस्टासाठी लिहिलेले किती तरी प्रोग्रॅम अडले असते. ज्या प्रोग्रॅमने ‘मला नवं विंडोज ठाऊक आहे’ असं जाहीर केलेलं नाही, त्याला विंडोज १० आजही ६.२ सांगतं. मॅकची बिग सर जुन्या प्रोग्रॅमना १०.१६ सांगते. लिनक्स कर्नल २.६.३९ नंतर जुलै २०११ मध्ये एकदम ३.० झाला, तेव्हा २.६ च अपेक्षिणाऱ्या प्रोग्रॅमसाठी २.६.४० असं सांगण्याची सोय कर्नलमध्येच केली गेली.

त्या ३.० मध्ये फार मोठं काही बदललं नव्हतं. मधला आकडा वाढत वाढत बेढब झाला होता, एवढंच कारण. पुढे ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.० हेही तसंच. त्यामुळे कर्नलचा पहिला कप्पा बदलला म्हणून घाबरून अपडेट थांबवू नका.

व्यवहारात याचा अर्थ असा: एखादा जुना प्रोग्रॅम किंवा वेबपान तुमची सिस्टीम अमुक आहे असं सांगत असेल, तर पायरी १ मध्ये स्वतः लिहिलेलं खरं धरा. ब्राउझर तर नव्या मॅकवरसुद्धा वेबपानांना १०.१५ असंच कळवतात आणि विंडोज ११ वर १०.०.

पायरी ६: मोठा आकडा म्हणजे नवी आवृत्ती, असं धरून चालू नका

ओपनसुसे हे लिनक्स १३.२ वर होतं. २०१५ मध्ये त्याची लीप शाखा ४२.१ या आकड्याने आली, आणि ४२.३ नंतर २०१८ मध्ये १५.०. म्हणजे तिथे १५ हे ४२ पेक्षा नवं. स्लॅकवेअर हे दुसरं लिनक्स १९९९ मध्ये ४ वरून थेट ७ वर गेलं, कारण बाकीच्यांचे आकडे पुढे गेले होते आणि लोक त्याला मागासलेलं समजत होते. विंडोजला ९ नाही. असे गाळलेले आकडे शोधत बसण्यात वेळ घालवू नका. शंका आली तर आकडा सोडून प्रकाशनाची तारीख बघा. तारखांच्या क्रमात असा घोळ होत नाही.

पायरी ७: आधार कधीपर्यंत आहे ते तपासा

आधार म्हणजे बनवणाऱ्यांकडून मिळत राहणारी सुरक्षेची अपडेट्स. आवृत्ती कळली की तिच्यापुढे तो संपण्याची तारीख लिहा. उबुंटूमध्ये सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घ मुदतीचा आधार) म्हणतात आणि तिला ५ वर्षं आधार असतो. मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. २५.१० हा आकडा २४.०४ पेक्षा मोठा, पण आधार २४.०४ चा जास्त लांब. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मोठा आकडा सोडून एलटीएस घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अँड्रॉइडवर आवृत्तीपेक्षा सुरक्षा अपडेटची तारीख जास्त बोलकी. आकडा नवा आणि ती तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन उघडा पडलेला आहे.

पायरी ८: मदत मागताना पूर्ण ओळ लिहा

‘माझं विंडोज चालत नाही’ याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. असं लिहा:

‘विंडोज ११ होम, आवृत्ती २४एच२, बिल्ड २६१००. स्कॅनरचा ड्रायव्हर टाकताना सिस्टीम जुनी असल्याचा संदेश येतो.’

किंवा:

‘लिनक्स मिंट २२ विल्मा, पाया उबुंटू २४.०४ नोबल, कर्नल ६.८. भांडार जोडताना चूक येते.’

संदेश आपल्या शब्दांत सांगू नका, दिसतो तसा उतरवा. आणि बिल्डमध्ये टिंबानंतरही आकडे असतील तर तेही घ्या: ते महिन्याच्या अपडेटचे असतात, आणि बिघाड परवाच्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर उत्तर बहुधा तिथेच सापडतं.